पेटीवरचा साचा परीक्षेला निघाला

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. पत्र्याचा. तुमच्या वहीपेक्षा थोडा मोठा, एका कोपऱ्यात वाकलेला आणि अंगभर तांबड्या रंगाचे थर चढलेला. मला पाहून कोणी 'वा!' म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण थांबा, लगेच पान उलटू नका. मी एकदा परीक्षेला गेलो होतो! अगदी फाटकापर्यंत! तिथे जो गोंधळ उडाला, तो आठवला की आजही माझा पत्रा झणझणतो. मात्र तिथवर पोहोचायचे तर आधी माझ्या जन्माची गोष्ट ऐकावी लागेल.

मी जन्मलो रत्नागिरीच्या बाजारात, रमजानचाचांच्या पत्र्याच्या दुकानात. त्याआधी मी गोड्या तेलाचा डबा होतो. चाचांनी मला कापले, ठोकून सपाट केले आणि छिन्नीने माझ्या अंगात अक्षरे कोरली. वर 'आत्माराम', त्याखाली 'मालगुंड'. अगदी खाली एक लांबट, अरुंद खिडकी ठेवली. पेटीत किती डझन आंबे आहेत, तो आकडा त्या खिडकीतून हाताने रंगवायचा. ठोके पडताना मी खूप किंचाळलो, पण चाचांनी घाई केली नाही. शेवटी त्यांनी माझ्या प्रत्येक कडेवरून कानस फिरवली. "घरात पोरंबाळं असतात. कुणाचं बोट कापता कामा नये," असे म्हणत त्यांनी मला आत्मारामांच्या हाती दिले.

आत्माराम म्हणजे मालगुंडच्या सड्यावरचे, त्या कातळाच्या माळावरचे, आंबा बागायतदार. घरचे त्यांना आबा म्हणतात. काय दिवस होते ते! हंगामाची पहिली पेटी भरली की मला देवासमोर ठेवत. हळदकुंकू लागे, नारळ फुटे आणि मग ताज्या तांबड्या रंगाचा बोळा माझ्यावरून फिरे. रंग लागल्याशिवाय साचा कामाला निघायचा नाही, असा घरचा रिवाजच होता. पेंढ्यात आंबे निजवून पेटीला खिळे ठोकले की मी तिच्या अंगावर टेकायचो. वरून रंगाचा बोळा फिरवून मला उचलले की लाकडावर 'आत्माराम' झळकायचे. वाशीच्या बाजारात व्यापारी आमची पेटी दुरून ओळखत. मी फुशारून जात असे. का नाही जाणार?

मग आले ते पुठ्ठ्याचे खोके! नाव आधीच छापलेले, शिवाय वर आंब्याचे चित्र, तेही खऱ्या आंब्याहून पिवळे. आबांनी एके दिवशी मला पेट्या भरायच्या पडवीत खुंटीला टांगले आणि तिथेच विसरले. माझ्या कोपऱ्याला गंज धरू लागला. खाली खोक्यांची थप्पी लागे आणि मी वरून मनातल्या मनात तिला शिव्या घाली. पाण्याचे चार थेंब पडले की मान टाकणारी जात ती! तिने माझी जागा घ्यावी?

पण मित्रांनो, त्याच पडवीत मला मनस्वी भेटली.

मनस्वी ही आबांची नात. तिचे बाबा अनिल मुंबईला नोकरीला, आई विमला इथे घर आणि बाग सांभाळते. पोर म्हणजे लवंगी फटाका! आढीतला कोणता आंबा आज तयार झाला, ते नुसत्या वासावरून सांगायची. गणित तोंडी घातले तर प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर. पण पुस्तक उघडले की तिचा चेहरा उतरायचा. एक ओळ वाचता वाचता तिचा डोळा भलत्याच ओळीवर उतरे. अक्षरे जागा बदलत आणि शब्दांचे शेपूट गळून पडे. "पोर बोलण्यात पोपट नि वाचण्यात ढ," असे शेजारच्या हौसाकाकी सगळ्यांसमोर म्हणाल्या, तेव्हा सगळे हसले. मनस्वीही हसली. मग पुस्तक घेऊन पडवीत आली आणि माझ्या खाली बसून रडली. मी पत्रा असलो तरी मला ते पाहवले नाही.

"लक्ष नाय गो तुझा," एवढेच आबा म्हणायचे.

शाळेत नव्या बाई आल्या, फरीदा मॅडम. त्यांनी मनस्वीची तपासणी करून घेतली आणि एक दिवस पडवीतच आबांना नि विमलाला समोर बसवले.

"हिला डिस्लेक्सिया आहे," मॅडम म्हणाल्या. "ही आळशी नाही आणि ढ तर मुळीच नाही. हिची वाचायला शिकायची वाट वेगळी आहे."

"औषध काय त्याच्यावर?" आबांनी विचारले.

"औषध नाही, आबा. सराव, धीर आणि थोडा जास्त वेळ. आणखी एक सांगू? जिल्ह्यातल्या निवासी शाळेची निवड परीक्षा हिने द्यावी, असं मला वाटतं."

विमलाच्या हातातले सूप तसेच राहिले. त्या परीक्षेला जिल्ह्यातली निवडक हुशार मुले बसतात, जागा थोड्या. "तिला कसा जमणार, मॅडम? तिचा हसा होईल," ती म्हणाली.

मनस्वी दाराआड उभी होती. ती एकदम पुढे आली. "त्या शाळेत मोठी दुर्बीण आहे ना? शनीची कडी दिसतात त्यातून?" मॅडम हो म्हणाल्या. "मग मी बसणार परीक्षेला!" संध्याकाळी सड्यावर उताणी पडून तारे पाहणारी पोर ती. तारे तिच्यासाठी आपापल्या जागी राहत. अक्षरांनी मात्र तिला कधी तेवढी दया दाखवली नव्हती.

आणि मग तो दिवस उगवला! मनस्वी पडवीत वाचत होती, म्हणजे वाचायचा प्रयत्न करत होती. वैतागून तिने मला खुंटीवरून काढले. तिचे बोट माझ्या कोरलेल्या अक्षरांतून फिरू लागले. आ... त्मा... रा... म. घासलेल्या कडांवरून बोट कसे गुळगुळीत फिरले! पुन्हा फिरवले, पुन्हा वाचले. मग गंमत म्हणून तिने मला पुस्तकावर ठेवले. माझ्या खिडकीतून एकच ओळ दिसत होती. वरची झाकलेली, खालची झाकलेली. तिने ती ओळ वाचली. मला खाली सरकवले आणि पुढची वाचली.

"आबाऽ! आईऽ! ओळ पळत नाय!"

काय सांगू, मित्रांनो! आबा हातातला आंबे उतरवायचा झेला टाकून धावत आले. विमला पिठाच्या हातांनी धावत आली. मनस्वीने अख्खा धडा वाचला, अडखळत, पण एकही ओळ न गाळता. इतक्या वर्षांनी मला पुन्हा काम मिळाले होते!

मॅडमनाही खूप आनंद झाला, पण त्यांनी सगळ्यांचे पाय जमिनीवर ठेवले. "काही मुलांना अशा खिडकीची मदत होते. पण ही जादू नाही हं. सराव सोडायचा नाही." आणि खरेच, जादू नव्हती. मनस्वी समुद्राकाठच्या पुळणीवर, ओल्या वाळूत, बोटाने हातभर अक्षरे काढायची, मोठ्याने म्हणायची, मग माझ्या खिडकीतून प्रश्न वाचायची. एखाद्या दिवशी काहीच जमत नसे. अशाच एका दिवशी तिने मला भिंतीवर फेकून मारले. माझा कोपरा वाकला तो तेव्हाच! पण थोड्या वेळाने तिनेच मला उचलून आपल्या फ्रॉकने पुसले. राग कसला धरायचा?

मॅडमनी धावपळ करून परीक्षेत तिला जास्त वेळ मिळवून दिला आणि ओळीखाली धरायच्या पट्टीची परवानगीही आणली. सोबत एक साधी प्लॅस्टिकची पट्टीही दिली. "परीक्षेला हीच न्यायची," असे त्यांनी बजावले होते.

आता आमच्या आबांची करामत ऐका. बागायतदार माणूस! मालावर आपले नाव नसेल तर त्यांना चैन पडत नाही. "परकी पट्टी कशाला? आपली नावाची हाय की," म्हणत त्यांनी प्लॅस्टिकची पट्टी घरीच ठेवली. एवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! परीक्षेच्या सकाळी त्यांनी मला देवासमोर ठेवले, हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि रिवाजाप्रमाणे ताज्या तांबड्या रंगाचा बोळा माझ्यावरून फिरवला. शुभकार्याला कोरा साचा न्यायचा नाही ना!

रंगाच्या वासाने मी तर हवेत तरंगत होतो. रत्नागिरीच्या गाडीत मला कागदात गुंडाळून ठेवले, तेही कोणाशेजारी? पुठ्ठ्याच्या खोक्याशेजारी! विमलाने डबे आणि पाण्याच्या बाटल्या गेल्या हंगामातल्या खोक्यात भरल्या होत्या. मी वाटभर त्याच्याकडे पाठ करून बसलो.

परीक्षाकेंद्राच्या फाटकावर एक बाई प्रत्येकाचे सामान तपासत होत्या. त्यांनी माझ्यावरचा कागद सोलायला घेतला. तो निघेना. खाऱ्या हवेत रंग वाळलाच नव्हता.

"पट्टीची परवानगी आहे हिला," बाई म्हणाल्या, "पण पट्टी कोरी हवी. ह्याच्यावर तर नावं कोरलीत! आणि हा ओला रंग उत्तरपत्रिकेला लागला तर तपासणारं यंत्र ती वाचणारच नाही. हे आत नाही नेता येणार."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, ता शुभ म्हणून..." मालगुंडला परत जाऊन पट्टी आणायला वेळ नव्हता. मुले भराभर आत जात होती. मनस्वी फाटकाच्या कट्ट्यावर मटकन बसली.

"मी नाय जात," ती म्हणाली. "ओळी पळतील. सगळे हसतील."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. माझ्याच अंगावरच्या नावाने आणि रंगाने पोरीची वाट अडवली होती. विमला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मनस्वी माझ्याकडे बघत होती. मग खोक्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि ताडकन उठली!

"आबा, साचा कशाला असतो? छापायलाच ना? तो कुठे पेटीबरोबर वाशीला जातो? तो घरीच राहतो!"

तिने खोक्यातले डबे भराभर कट्ट्यावर काढले आणि झाकण उपडे केले. आतली बाजू कोरी, तपकिरी, एक अक्षर नाही! "आई, तू धर. माझ्या हाताला रंग लागला तर पंचाईत." विमलाने मला रंगाच्या बाजूने उचलले आणि माझी कोरडी पाठ पुठ्ठ्यावर टेकवली. तिची दहाही बोटे तांबडी झाली. मनस्वीने पेनने माझ्या खिडकीच्या आतून रेघ मारली. एकदा, दोनदा, सरळ आणि नेटकी. आबा चहाच्या टपरीवरून सुरी मागून आणायला असे धावले की त्यांची चप्पल रस्त्यातच राहिली!

सुरी पुठ्ठ्यातून कर्रकन फिरली. खिडकी पडली. बाकीचा पुठ्ठा कापून टाकला आणि राहिली एक साधी पट्टी, बरोबर माझ्या मापाच्या खिडकीची. फाटकावरच्या बाईंनी ती उलटसुलट पाहिली, उन्हाकडे धरली आणि हसल्या. "कोरी आहे. पळ लवकर!"

मनस्वी पळाली. मी कट्ट्यावर राहिलो, आबांच्या मांडीशी. ज्या खोक्याला मी वर्षानुवर्षे शिव्या घातल्या, त्याचे झाकण आज तिच्यासोबत आत गेले होते. हेवा वाटायला हवा होता. पण छे! ती खिडकी माझीच होती ना! माझ्या पेट्या अशाच तर जायच्या, मी कधी न पाहिलेल्या बाजारात. मी आयुष्यभर हेच काम केले होते, आणि इतके मोलाचे कधीच केले नव्हते.

परीक्षा सुटली तेव्हा ती दोन्ही हात वर करून धावत आली. "आबा, शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचले! आणि कोणी हसलं नाही. कोणाला वेळच नव्हता!" विमलाने अजून चिकट असलेल्या तांबड्या हातांनी तिला कवटाळले आणि पांढऱ्या फ्रॉकच्या पाठीवर दहा बोटे उमटली. तो फ्रॉक त्यांनी अजून धुतलेला नाही.

निकाल आला तेव्हा पडवीत आंब्यांचे खोके भरणे चालू होते. फरीदा मॅडम फोन हातात घेऊनच आल्या. "मी नाही वाचणार. तूच वाच," त्या म्हणाल्या. मनस्वीने पुठ्ठ्याची पट्टी फोनवर धरली आणि एकेक नाव वाचत खाली सरकली. मग तिचा हात थांबला. "म... न... स्वी. मनस्वी अनिल. आबा, मी आहे!" आबांनी मला खुंटीवरून काढले आणि चक्क माझ्याबरोबर नाचले. मुंबईहून अनिल फोनवर इतका ओरडला की फणसाखालचे कुत्रे भुंकू लागले. हौसाकाकी कुंपणापलीकडून साखर घेऊन आल्या आणि आपण होऊन म्हणाल्या, "बाय, मी त्या दिवशी बोलले ता विसर."

आता मनस्वी त्या शाळेत आहे. पुठ्ठ्याची पट्टी तिच्या दप्तरात असते. शनीची कडी दिसली, असे तिने फोनवर ओरडून सांगितले. वाचन अजून हळूच होते, पण होते. इकडे मॅडम गावातल्या आणखी मुलांना घेऊन पडवीत येतात आणि जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर माझी खिडकी आखून नेतात. खोके आणि मी हल्ली एकाच छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतो.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा उजेडात धरून बघा. मला अधूनमधून तेलाचा बोळा तेवढा फिरवत जा, गंज फार खाज आणतो. आणि वर्गात कोणाची ओळ चुकली तर हसायच्या आधी रमजानचाचांची आठवण काढा. माझ्या कडा त्यांनी धारदार ठेवल्या असत्या, तर मनस्वीने पहिल्याच दिवशी बोट कापून घेतले असते आणि मला पुन्हा कधी हात लावला नसता. तुमच्या शब्दांच्या कडांवरूनही एकदा कानस फिरवा. त्यांच्यावरूनही कोणाचे तरी बोट फिरणार आहे.