दोन्ही तारा काढल्या तरी चालू

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत केलं. एक तर हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. जुने राउटर खोलून आणि व्हिडिओ बघून शिकलो. वर कुणीतरी म्हणणार, म्हणजे ते खोकं बोगसच होतं ना? तसंही नाही. पण गप्पही बसवेना. म्हणून लिहितोय.

तर मिटिंगच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

आमचं स्कॅन सेंटर आहे. एक मुख्य ऑफिस, बाकी शाखा. शाखेत एक्स-रे, स्कॅन निघतात, फक्त आमच्यासाठी भाड्याने घेतलेल्या खास लाइनवरून मुख्य ऑफिसला येतात आणि मोठ्या डॉक्टरबाई ते वाचून रिपोर्ट देतात. या लाइनी सांभाळणं हे माझं काम.

टेबलामागे बॉक्सवाले साहेब उभे होते. गुळगुळीत दाढी, त्याहून गुळगुळीत जीभ. समोर एक काळं खोकं.

"याला एसडी-वॅन म्हणतात," साहेब खोक्यावर हात फिरवत म्हणाले. "प्रत्येक शाखेत एक लावायचं आणि नेटवर्क विसरून जायचं. स्लो लाइन फास्ट होते. व्हायरस दारातच मरतो. लाइन तुटली तर हे स्वतःच स्वतःला बरं करतं. तुमच्या त्या जुन्या खास लाइनी उद्याच कापून टाका."

"मग हा काय करणार?" रिसेप्शनच्या मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"यांना आता आराम."

सगळे हसले. मीही हसलो, पण एक पटेना. स्लो लाइन फास्ट कशी होईल? नळाला पाणीच कमी असेल तर नवी तोटी बसवून काय होणार?

साहेबांनी लॅपटॉप खोक्याला जोडला, त्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंना व्हिडिओ कॉल लावला. खोक्यात इंटरनेटच्या दोन तारा होत्या. त्यांनी एक उपटली. कॉल चालू. खोलीत कुजबुज. मग बाह्या सावरून त्यांनी दुसरीही उपटली.

पडद्यावरच्या बाई हसतच होत्या.

टाळ्या पडल्या. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर जिवंत आहे." त्यांचे हात जोडायचेच बाकी होते.

माझ्या शेजारी फोटू उभा होता. फोटो काढतो म्हणून फोटू. एका हॉस्पिटलच्या तळघरात आमची शाखा आहे, तिथला टेक्निशियन. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"माझी लाइन कापणार का रे?" त्याने हळूच विचारलं.

"ठरल्यात जमा आहे."

"मागच्या आठवड्यात डोक्याला मार लागलेलं पोरगं आलं होतं. मी स्कॅन पाठवला, डॉक्टरबाईंनी इथून बघितला, तिथे लगेच ऑपरेशनला घेतलं. तो स्कॅन अडकला असता तर त्याच्या आईला काय सांगायचं? खोकं स्वतःला बरं करतंय, थांबा?"

मी पुन्हा खोक्याकडे बघितलं. दोन्ही तारा टेबलावर मेल्यासारख्या पडलेल्या. मग त्या कॉलवरच्या बाईंचं तोंड पडद्यावर येतंय कुठून? आणि आणखी एक. मी सकाळी ते खोकं, राउटर ठेवतो तसं, लोखंडी कपाटात ठेवत होतो, तर साहेबांनी हातातून घेऊन खिडकीजवळच्या या टेबलावर ठेवलं होतं. "याला मोकळं लागतं, गरम होतं," म्हणाले होते. मी हात लावून बघितला होता. गार होतं.

तेवढ्यात फोटूचा फोन वाजला. "सासरेबुवा," तो कुरकुरला. "आत्ता एक्स-रेच्या खोलीत असतो तर बरं झालं असतं."

आमच्याकडे ही जुनी सवय. कुणाचा फोन टाळायचा असला की माणूस या मुख्य ऑफिसच्याच खालच्या मजल्यावर एक्स-रेच्या खोलीत जाऊन बसतो. भिंतींना, दाराला शिसं आहे. दार लावलं की रेंज गायब.

माझ्या डोक्यात लख्ख झालं.

"डॉक्टरबाई," मी म्हणालो, "हाच प्रयोग खाली एक्स-रेच्या खोलीत करून बघू या का?"

"कशाला?" साहेब लगेच म्हणाले. "एकदा बघितलंत ना सगळ्यांनी."

मोठ्या डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. "मी छातीचा एक फोटो बघून गप्प बसत नाही. शंका असली की बाजूनेही काढायला लावते. खाली चला."

सगळी वरात खाली. खोलीत मशीनसाठी दोन्ही लाइनी होत्याच. खोकं जोडलं, कॉल लावला, मी जड दार ओढून घेतलं.

डॉक्टरबाईंनी स्वतः पहिली तार काढली. कॉल चालू. दुसरी काढली.

पडद्यावरच्या बाई तोंड अर्धं उघडं ठेवून थिजल्या. मग पडदा काळा.

"बघा, इथे रेंज नाही म्हणून," साहेब पटकन बोलून गेले.

"रेंज?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "खोक्याला कसली रेंज?"

साहेब रुमाल शोधायला लागले. मग हळूच म्हणाले, "आत एक सिम असतं. फोनसारखंच. ते स्टँडर्ड फीचर आहे, मॅडम."

"मग मघाशी सांगितलं का नाही?"

"तेवढ्या डिटेलमध्ये कोणी विचारत नाही."

"म्हणजे माझ्या मोबाइलसारखंच की," मावशी म्हणाल्या. "आणि मी मेली टाळ्या पिटत बसले."

इतकीच जादू. सकाळी खिडकीचा हट्ट होता तो गरमीसाठी नाही, रेंजसाठी. खोकं रस्ते बनवत नाही, असलेल्यातला बरा रस्ता निवडतं. ते चांगलंच काम आहे, दोन चांगल्या लाइनी असतील तर मी स्वतः लावीन. पण लाइन मुळात बारीक असेल तर ती जाड होत नाही. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर खांब पडला की दोन्ही गेल्या. माहिती कुलूपबंद करून पाठवतं, पण कुणी भलत्या मेलवर क्लिक केलं तर ते काय करणार? आणि कुठली फाइल आधी जायची हे त्याला माणसानेच सांगावं लागतं. फोटूची शाखा तर अख्खी तळघरात. तिथे त्या सिमला रेंज कुठली?

डॉक्टरबाईंनी तिथेच सांगून टाकलं. तळघराची जुनी लाइन राहणार. खोकं लावायचंच तर तिच्या जोडीला.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुणी तार उपटून चमत्कार दाखवला की टाळ्यांच्या आधी एक विचारा: मग आता कुठून येतंय? खरी वस्तू या प्रश्नाला घाबरत नाही.

संध्याकाळी फोटू जिन्यात भेटला. हसत नव्हता.

"आज वाचलो," तो म्हणाला. "उद्या दुसरा कुणी दुसरं खोकं घेऊन येईल. तेव्हाही सगळे टाळ्याच वाजवतील."

"वाजवू देत," मी म्हणालो. "पण तुझी लाइन कापायच्या आधी ते खोकं तुझ्या तळघरात येईल. दार लावू आणि तारा मी स्वतः काढीन, तुझ्यासमोर. तुझा स्कॅन बाईंपर्यंत पोचला तरच पुढचं बोलणं. शब्द दिला."