जगाला पाठवलेला ठराव

“आधी बॉम्ब!” शेषराव गुरुजींनी टेबलावर मूठ आपटली. “मानवी हक्क म्हंजे अमेरिकेचं नाटक हाय.”

“आधी हक्क!” बाबूसिंग आडत्या ओरडला. “तुमचा रशिया मानसाले तोंड तरी उघडू देते काय?”

दाराशी उभा असलेला ग्रामपंचायतीचा शिपाई ग्यानबा मनातल्या मनात थुंकला. साल अठ्ठ्याहत्तर. जऊळक्याच्या स्टेशनापलीकडे कधी न गेलेले हे दोन पंच जगाला ठराव पाठवून महासत्तांचा तंटा मिटवायला बसले होते. एकाला रशियाची मासिकं फुकट येत, दुसऱ्याचा रेडिओ अमेरिका पकडी. तेवढ्यावर अक्कल उतू चाललेली! फायलीत सगळ्यात खाली बौद्धपुऱ्याचा अर्ज पडला होता: गावविहिरीवर पाणी भरू द्या. ही चौथी सभा. जवळचा नाला आटलेला. ग्यानबाची बायको वच्छला सातव्या महिन्यात दीड कोसावरून पाणी आणायची. काल घसरून पडली होती.

“गुरुजी, आमचा अर्ज...”

“इथं दुनिया जळून राह्यली अन् तुले पान्याचं पडलं? पुढच्या सभेत पाहू.”

शेवटी दोघांनी दोन्ही कलमं एकाच ओळीत कोंबली, सह्या ठोकल्या आणि एकमेकांना पान दिलं. ‘प्रत्येक माणसाला समान हक्क आहेत, अणुबॉम्ब नष्ट करावेत.’ मंजूर ठरावाची दवंडी देणं शिपायाचं काम.

ग्यानबाच्या बापानं छप्पन साली बौद्ध होताना हलगी फेकली, ती ग्यानबानंही कधी हाती धरली नव्हती. तो घरी गेला, वच्छलाला आणि रिकाम्या बादलीला घेऊन भर दुपारी गावविहिरीवर आला आणि बादलीच बडवू लागला.

“ऐका हो! परतेक मानसाले समान हक्क! गुरुजीची सही, बाबूसिंगची सही!”

दवंडी संपली तशी त्यानं बादलीला दोर बांधून ती विहिरीत सोडली. गुरुजी धापा टाकत आले, मागून बाबूसिंग.

“अबे, थो ठराव रशिया-अमेरिकेसाठी हाय!”

“कागदावर परतेक मानूस लिवलं हाय, गुरुजी. आमी त्यात येत नसू, तर तसं लिहून सही करा. त्याचीबी दवंडी देतो.”

गुरुजींनी बाबूसिंगकडे पाहिलं. ह्यांना पाणी भरू द्यायचं नाही, यावर रशिया-अमेरिकेचं पहिल्यांदाच खरं एकमत झालं होतं. सही करायला मात्र एकाचाही हात उठेना. भेकड लेकाचे!

“उद्यापासून कामावर येऊ नको,” बाबूसिंग पुटपुटला.

ग्यानबानं कमरेचा पट्टा बिल्ल्यासकट काढून काठावर ठेवला. वच्छला दोर ओढू लागली. गडगडीच्या चाकावरून दोर ओढायची तिला सवय नव्हती. बादली काठाला आपटली आणि अर्धं पाणी सांडलं. ती भेदरून नवऱ्याकडे पाहू लागली.

“सांडू दे,” ग्यानबा म्हणाला. “आनिक काढू.”