गुरूला मार लागला तेव्हा

औंढ्यात तेव्हा वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं यायचं आणि बसस्टँडसमोरच्या सलूनमध्ये त्याचं जाहीर वाचन व्हायचं. अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा त्या वेळी न्हाव्याला थांबवून ऐकत बसे. चौऱ्याण्णव सालच्या जुलैतल्या त्या दिवशी पहिल्याच पानावर होतं की एका धूमकेतूचे एकवीस तुकडे झाले आहेत आणि ते एकामागून एक गुरू ग्रहावर जाऊन आदळत आहेत. जगातले सगळे बॉम्ब एकदम फोडले तरी एवढा दणका बसणार नाही, असंही खाली छापलं होतं.

 सलूनमध्ये सगळे एकदम बोलू लागले. "गुरूवरच कशाला पडायचे? शनीवर पडले असते तर कुणाची हरकत नव्हती," असं एकजण म्हणाला. दुसऱ्याला हा अमेरिकेचा डाव वाटला. तिसऱ्याला पावसाची काळजी पडली, कारण त्याला कुठल्याही बातमीनं पावसाचीच काळजी पडायची. आणि मग खुर्चीत बसलेल्या, एका गालाला साबण लावलेल्या भावसिंगनं मान वळवून बाकाकडे पाहिलं. बाकावर बंडोपंत जोशी आपली पाळी यायची वाट बघत बसले होते.

अर्ध्या तालुक्याची लग्नं बंडोपंतांच्या पंचांगावर लागत. मुलगी बघायच्या आधी लोक पंतांना विचारत, गुरुबळ आहे का? पंत बोटांवर मोजत आणि सांगत. तांड्यावरच्या भावसिंगच्या मुलाचा, जगनचा मुहूर्तही त्यांनीच काढून दिला होता.

"म्हाराज," भावसिंग म्हणाला, "बैलाला असा मार लागला तर आमी महिनाभर त्याच्या खांद्यावर जू ठिवत न्हाई. गुरूला एकवीस दणके बसले अन् तुमी त्याच्याच बळावर आमच्या जगनचं लगीन लावून राहिले. काहून? थोडा इसावा तर द्या त्याला!"

सगळं सलून हसलं. पंतही हसले. "अरे, गुरू म्हणजे काय तुझा ढवळ्या आहे का?" असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण दाढी न करताच ते घरी आले.

कारण गुरूच्या भरवशावर त्या वर्षी त्यांनी स्वतःच्याच घरचं लग्न ठरवलं होतं. त्यांची मुलगी नीलांबरी सव्विसाची झाली होती. आधीची दोन स्थळं "बघू पुढच्या वर्षी" म्हणत गेली ती गेलीच. आता सिद्धेश्वरच्या धरणावर पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या विश्वंभररावांचा मुलगा अनिरुद्ध पसंत पडला होता. तो वसमतला टेलिफोन खात्यात होता. बघण्याच्या कार्यक्रमात दोघांना दहा मिनिटं बोलायला दिलं, तेव्हा तो तिला म्हणाला होता की कांदेपोहे त्यालाही मनापासून आवडत नाहीत, पण आता दोघांनाही खावे लागतील. नीलांबरीचं हसू पंतांनी भिंतीपलीकडून ऐकलं. तसं हसू त्या घरात फार दिवसांनी ऐकू आलं होतं. लग्न मार्गशीर्षात, तेव्हा गुरू वृश्चिकेत म्हणजे तिच्या वृषभ राशीला सातवा येतो, याहून उत्तम गुरुबळ नाही, असं पंतांनी व्याह्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

चार दिवसांनी विश्वंभरराव आलेच. सद्गृहस्थ होते, पण छापलेल्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास. वर्तमानपत्र ते टेंडरच्या जाहिरातींसकट वाचत. त्यांनी खिशातून कात्रण काढून पंतांसमोर ठेवलं.

"पंत, मी मोडतो म्हणत नाही," ते म्हणाले. "मी म्हणतो थांबू. गुरू बरा होईस्तोवर."

"म्हणजे किती दिवस?"

"ते तुम्हीच सांगायचं. शास्त्र तुमचं."

आता पंत बरोबर कात्रीत सापडले. वर काय आदळतं त्याच्याशी आपला काही संबंध नाही असं म्हणावं, तर मग वर गुरू कुठल्या घरात बसतो त्याच्याशी तरी काय संबंध, असं उद्या भावसिंगही विचारेल. जन्मभराचं पंचांग बासनात गुंडाळून ठेवावं लागेल. आणि संबंध आहे म्हणावं, तर घायाळ गुरूच्या बळावर कोण बाप मुलाचं लग्न लावील? पंतांनी घसा साफ केला, कात्रण उलटून पाहिलं. मागे बी-बियाण्यांची जाहिरात होती.

"मी अभ्यास करून कळवतो," ते म्हणाले.

विश्वंभरराव गेल्यावर पंतांच्या पत्नी गंगूताईंनी आधी बातमी छापणाऱ्यांचा उद्धार केला, मग धूमकेतूचा. "एवढी वर्षं भटकत होता मेला, अजून चार महिने भटकला असता तर काय बिघडलं असतं? अहो, तुम्ही काही बोलला का नाहीत?"  स्वयंपाकघरात नीलांबरी एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती. पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे तिला घरात सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं. ते पातेल्याचं घासणं पंतांना ऐकवेना. त्यांनी टोपी घातली आणि ते शंकरसिंग सरांकडे गेले.

शंकरसिंग राठोड हायस्कूलला विज्ञान शिकवत. औरंगाबादच्या एका शिबिरात महिनाभर काच घासून त्यांनी स्वतःची दुर्बीण बनवली होती. गावात त्या नळकांड्याला तोफ म्हणत. पंतांचा आणि त्यांचा आजवर नमस्कारापुरता संबंध होता.

"सर, त्याला कितपत लागलंय?" पंतांनी दारातच विचारलं.

सरांना हसू आलं असणार, पण ते हसले नाहीत. "काळे डाग पडलेत, पंत. एकेका डागात आपली आख्खी पृथ्वी मावेल."

"पृथ्वी?" पंत खाली बसले.

"आणि काही शास्त्रज्ञ असं म्हणतात की गुरू एवढा अवाढव्य आहे म्हणून असले भरकटलेले दगड त्याच्याकडे ओढले जातात. नाहीतर त्यातला एखादा इकडे यायचा. इकडे आला असता तर तुम्ही-आम्ही हे बोलायला उरलो नसतो."

पंतांचे डोळे चमकले. हेच तर उत्तर होतं! व्याहीबुवा, आपल्या वाटणीचा मार त्यानं स्वतःच्या अंगावर घेतला. असा गुरू पाठीशी असताना तुम्ही मुहूर्त लांबवता? पंतांना आपल्याच वाक्याचं कौतुक वाटलं. त्यांनी सरांना गळ घातली की दुर्बीण सिद्धेश्वरला न्यायची आणि विश्वंभररावांना दाखवायची. डाग अजून काही आठवडे दिसतील, फक्त आभाळ उघडायला हवं, असं सर म्हणाले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली. सरांनी ओळखीची जीप मिळवली. नीलांबरीला न्यावं की नाही यावर घरात थोडा वाद झाला. "आभाळ काही त्यांच्या मालकीचं नाही," असं म्हणून गंगूताईंनी तिला जीपमध्ये बसवलं आणि स्वतःही बसल्या. वाटेत तांड्यावरून भावसिंग चढला. त्याला आपल्या जगनच्या लग्नाचा निकाल लावून घ्यायचा होता. पंत वाटभर ओठांतल्या ओठांत आपलं वाक्य घोटत होते.

धरणाच्या भिंतीवर दिवेलागणीला सगळी कॉलनी जमली होती. वसमतहून अनिरुद्धही आला होता. पाण्यावरून गार वारा येत होता. नैऋत्येला गुरू एकटाच ठळक चमकत होता. सरांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "या पंत, पहिला मान तुमचा."

पंतांनी टोपी काढून गंगूताईंच्या हातात दिली, एक डोळा मिटला आणि दुसरा काचेला लावला.

तीस वर्षं त्यांनी गुरूला कुंडलीच्या चौकटीत बसवलं होतं. एक अक्षर, 'गु', एवढाच तो त्यांच्या ओळखीचा होता. आता समोर काळ्याभोर पोकळीत एक फिकट पिवळा गोळा अधांतरी लटकत होता. गोल, खरा, अंगावर दोन पट्टे असलेला. दोन्ही बाजूंना एका ओळीत इवलेसे चार ठिपके होते, ते त्याचे चंद्र. आणि कडेला शाईची बोटं उमटावीत तसे काळे डाग. एकेका डागात पृथ्वी मावणार होती. औंढा, देऊळ, हे धरण, काशी, रामेश्वर, सगळं एका डागात. पंतांच्या अंगावर काटा आला. त्यांनी आपोआप हात जोडले.

तेवढ्यात गोळा सरकत सरकत काचेबाहेर गेला.

"सर, गेला हो! तो चालला!"

"तो नाही, पंत. आपण फिरतोय," सर हळूच म्हणाले.

पंतांनी पायाखालच्या भिंतीकडे पाहिलं आणि सरांचा खांदा धरला.

मग विश्वंभरराव वाकले. ते बराच वेळ वाकूनच राहिले. उठले तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि तो कुठे गेला म्हणून ते खिसे चाचपत होते. भावसिंगनं पाहिलं आणि तो नुसता "बाप रे, बाप रे," म्हणत मागे सरला. बैलाबद्दल, लग्नाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

विश्वंभरराव पंतांना बाजूला घेऊन गेले. "पंत, आता तुम्ही सांगा. काय समजायचं?"

वाक्य तयार होतं. पाठ होतं. व्याह्यांचा चेहरा असा झाला होता की त्या क्षणी पंत काहीही म्हणाले असते तरी त्यांनी मानलं असतं. पंतांनी तोंड उघडलं आणि त्यांना ते वाक्य बोलवेना. एवढ्या मोठ्याला आपल्या मुलीच्या लग्नासाठी साक्षीला उभं करायची त्यांना लाज वाटली.

"मला ठाऊक नाही, विश्वंभरराव," ते म्हणाले. "खरंच ठाऊक नाही. त्याला लागलं का, त्याचा आपल्याला त्रास का, मला काही म्हणता येत नाही. मी त्याला आज पहिल्यांदा पाहिला. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. मी शब्दानं काही बोलणार नाही."

गंगूताईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. विश्वंभरराव पाण्याकडे बघत राहिले. तिकडे दुर्बिणीपाशी सर हाका मारत होते, "पुढे व्हा, रांग आहे मागे!" पण अनिरुद्ध आणि नीलांबरीला ते ऐकू जात नव्हतं. ती काचेतून बघून काय दिसतं ते सांगत होती, मग तो बघत होता आणि ती चुकली असं सांगत होता, मग पुन्हा ती बघत होती. दोघं भांडत होती की हसत होती ते अंधारात कळत नव्हतं.

"मार्गशीर्षात हा कधी दिसतो?" विश्वंभररावांनी एकदम विचारलं.

"पहाटे," पंत म्हणाले. "सूर्याच्या आधी, पूर्वेला."

"मग पहाटेच लग्न लावू. तो वर असताना. बळ वगैरे काही मागायचं नाही त्याच्याकडे. नुसतं पाहुणा म्हणून बोलवायचं."

"व्याहीबुवा, पहाटे? आपल्याकडे बाराचं लग्न तीनला लागतं!"

"छापून आणू पत्रिकेत," विश्वंभरराव म्हणाले. "छापलं की लोक येतात."

आणि लोक आले. घोंगड्या, शाली, माकडटोप्या घालून, बंडोपंतांना शिव्या देत आले. औंढ्यात असं लग्न कुणी पाहिलं नव्हतं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या आणि पंतांनी पूर्वेकडे बोट केलं. वर शुक्र झगझगत होता आणि खाली, झाडांच्या जरा वर, गुरू.  थंडीत तोंडातून वाफा सोडत सगळं वऱ्हाड माना वर करून उभं राहिलं.

उजाडलं तसा तो फिका होत गेला, आणि ऊन पडल्यावर दिसेनासा झाला. पण कुठे आहे ते पंतांना आता माहीत होतं. त्यांनी निळ्या आभाळातली ती जागा नीलांबरीला दाखवली. तिनं मान हलवली, त्यांच्या पाया पडली आणि जीपमध्ये जाऊन बसली. जीप सिद्धेश्वरच्या रस्त्याला लागली, वळणावर झाडीआड गेली. गंगूताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. पंतांना रडू कोसळलं. डोळे पुसून ते त्या वळणाकडे बघत उभे राहिले. तिथं आता काहीच दिसत नव्हतं, तरी ते बराच वेळ तिथून हलले नाहीत.