हॉस्टेलवर गेलेल्या अक्षता

बेळगावच्या शहापुरातल्या विठ्ठल मंदिरात दर मार्गशीर्षात तीन दिवसांचं कीर्तन होतं. ते जवळ आलं की ज्योतिबाआप्पांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बत्तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, पण कीर्तनात झांज वाजली की त्यांचे डोळे लहान मुलासारखे होतात. सतरंज्या झाडण्यापासून बुवांना कोमट पाणी देण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडं.

यंदा मात्र त्यांना घोर लागला होता. मंदिराचे मुख्य पंच गुंडूअण्णा दिवाळीतच बोलून मोकळे झाले होते.

"ज्योतिबा, गेल्या वर्षी एकोणीस डोकी आलती. त्यातली सात झोपलेली. गावात एवढी कॉलेजं हायत, पोरं कुठंकुठं गाणी ऐकाय जात्यात, आपल्याकडं एक फिरकत न्हाय. यंदा तरणी पोरं आली तर बरं. न्हायतर फुडच्या वर्षी कीर्तन बंद. ऑर्केस्ट्रा ठेवू."

"अण्णा, देवळात ऑर्केस्ट्रा?"

"मग रिकाम्या सतरंज्यांस्नी कीर्तन ऐकवायचं व्हय?"

आप्पांच्या घरात माडीवर त्रिशला राहायची. निपाणीची, तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी, एमबीएच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या प्रोजेक्टचा विषयच होता की, बेळगावची कॉलेजातली पोरं कुठल्या हॉटेलात आणि कुठल्या म्युझिक फेस्टला जातात, आणि कशाच्या ओढीनं जातात. शालूबाई, म्हणजे आप्पांच्या घरच्या लक्ष्मी, तिची सारखी फिरकी घ्यायच्या.

"दिवस मावळायच्या आत जेवणारी जैनाची पोर, आन् अभ्यास कशाचा, तर रातच्या हॉटेलांचा!"

"काकू, डॉक्टरला काय सगळे रोग झालेले असत्यात व्हय?" त्रिशला हसून म्हणायची.

आप्पांना वाटलं, औषध घरातच आहे. ते तिच्याबरोबर टिळकवाडीतल्या एका गच्चीवरच्या हॉटेलात गेले. तिथं दिवे इतके मंद की ताटात काय आहे ते चाचपून बघावं लागलं. पोरं मात्र खुशीत. एका भिंतीवर पंख रंगवलेले, आणि त्या पंखांपुढं उभं राहून फोटो काढायला रांग लागलेली. दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मैदानावरचा म्युझिक फेस्ट. गाणारा एक ओळ म्हणायचा आणि हजार पोरं ती परत म्हणायची. आप्पा कानात बोटं घालूनही बघत राहिले.

"हे तर आपलंच हाय की गं," ते त्रिशलाच्या कानात ओरडले. "बुवांनी म्हणायचं, लोकांनी झेलायचं."

घरी येऊन आप्पांनी कामाला सुरुवात केली. देवळाला उघडझाप करणाऱ्या माळा लावल्या. दारात पंखांचं कटआउट उभं केलं, त्यावर गरुडाचं तोंड. गल्लीच्या तोंडाला बॅनर लावला आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर शंभर ठिकाणी गेला.

पहिल्या दिवशी एकवीस माणसं आली. त्यातले दोन लायटिंगवाले.

कीर्तनाला खानापूरकडच्या मालुबाई होत्या; बाई असल्या तरी सगळे त्यांना बुवाच म्हणत. साठी उलटलेली, नऊवारीवर उपरणं, आवाज असा की तंबोऱ्यानं मान खाली घालावी. त्या एकवीस जणांपुढंही एकवीसशे असल्यासारख्या गायल्या. गुंडूअण्णा नुसते माळांकडं बघून खाकरले. ते खाकरणं आप्पांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सकाळी आप्पा पायरीवर बसले होते. शेजारी त्रिशला प्रोजेक्टसाठी पोरांकडून भरून घेतलेले दोनशे बारा फॉर्म पसरून आकडे लिहीत होती.

"कशाला जात्यात म्हणं पोरं?" आप्पांनी विचारलं. "वाचून तरी दाव."

"खुणा करायच्या प्रश्नात चव, लाइट, गाणी, फोटो. सगळ्यांनी सगळ्यावर खुणा केल्यात. पण शेवटी मी एक रिकामी ओळ ठेवली होती. 'मागच्या वेळी तिथं का गेलात?' तिथं बघा." तिनं एकेक फॉर्म पुढं धरला. "रूममेटनं ओढत नेलं. मैत्रिणीचा फोन आला. सीनिअर म्हणाला चल. दादानं बोलावलं. अर्ध्याच्या वर असंच हाय, आप्पा. लाइट बघून कोण जात न्हाय. जात्यात कुणीतरी ये म्हटलं म्हणून. लाइट मागनं आवडतो."

आप्पा उठलेच. "म्हंजे बोलावणं! अगं, बॅनर म्हंजे काय बोलावणं व्हय? आमच्यात बॅनरवर कोण जेवाय येतंय? हातात अक्षता द्याव्या लागत्यात. शाले, तांदूळ काढ!"

शालूबाईंनी तांदळाला कुंकू लावलं, कागदाच्या पुड्या बांधल्या. त्रिशलाला कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायला जायचं होतं, ती गेली. आप्पांनी चिठ्ठ्या लिहिल्या, वर मराठीत आणि खाली कानडीत. मोटरसायकलवरून ते एकेक हॉस्टेल, खानावळ आणि चहाचा गाडा फिरले. मुलींच्या हॉस्टेलात वॉचमन आत सोडीना, तिथं पुड्या त्याच्याच हातात ठेवल्या. "प्रत्येक खोलीत द्या बरं का मालक. राहून जायला नको कुणी."

संध्याकाळी पावणेपाचला आप्पा मंदिराच्या दारात येऊन बघतात तो काय, गल्ली भरून पोरं येत होती! साठ तरी असतील. मुलींनी साड्या नेसलेल्या, कुणी गजरा माळलेला. मुलं कुर्त्यात. सर्वांत पुढं कोट घातलेला एक उंच मुलगा, हातात गुलाबांचा गुच्छ.

"नमस्कार आप्पा. मी आदर्श, चिकोडीचा. मेकॅनिकलला हाय." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "नवरा-नवरी कुठं हायत?"

"कसले नवरा-नवरी?"

"लग्न न्हाय व्हय हितं?"

मागून रेशमी साडीतली एक मुलगी पुढं आली. ती सौम्या, धारवाडची, मराठी अडखळत बोलणारी. "आप्पा, वॉचमन अक्षता दिला. आम्ही सगळे साडी प्रेस केला!"

तेवढ्यात त्रिशला धापा टाकत आली. तिनं सौम्याच्या हातातली चिठ्ठी घेऊन वाचली. 'श्री विठ्ठल मंदिर, शहापूर. आज संध्याकाळी पाच वाजता. सर्वांनी अगत्य यावे. जेवूनच जावे.' तिनं कपाळाला हात लावला.

"आप्पा! ह्यात कीर्तन हा शब्दच न्हाय!"

"ते काय लिवायचं? मार्गशीर्षात विठ्ठलाच्या देवळात पाच वाजता दुसरं काय असतंय?"

"तुम्हाला ठाऊक. ह्यांना काय ठाऊक?"

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. ते आत धावले. मालुबाई कपाळाला बुक्का लावत होत्या.

"बुवा, घोळ झाला. पोरं लग्नाला म्हणून आलीत."

मालुबाईंनी ऐकलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांचा टाळ हातातून निसटला. "आज ध्रुवाचं आख्यान काढलं होतं हो मी. पण वऱ्हाड दारात आल्यावर लगीन लावल्याबिगर धाडायचं कसं?"

आप्पांना मात्र तसं जमेना. देवाच्या दारात माणूस चुकीच्या समजुतीनं बसवणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. ते माइकपुढं उभे राहिले. हात जोडले.

"पोरांनो, चूक माजी हाय. हितं लगीन न्हाय, कीर्तन हाय. जेवण मात्र खरं हाय. ज्यास्नी जायचं असंल त्यांनी जेवून जावा. राग न्हाय."

मग दहाबारा जण उठले आणि मंदिरामागच्या चुलीकडं गेले. शालूबाईंनी मोठी पळी आडवी धरली. "गव्हाची खीर हाय, अजून अर्धी कच्ची. दोन तास लागतील. तवर उभं राहून घोटणार का बसून ऐकणार?"

चौघांनी पळी धरली, बाकीचे परत येऊन बसले.

आणि मालुबाईंनी रुक्मिणीचं लग्न लावायला घेतलं. "काय गं पोरींनो, रुक्मिणीनं देवाला कसं बोलावलं? ग्रुपवर टाकलं? स्टेटस ठेवलं? न्हाय! एका माणसाच्या हातात चिठ्ठी दिली. म्हणाली, तू स्वतः जा आन् सांग, मी वाट बघतीय." पोरं हसली. मालुबाईंनी नामाचा गजर धरला, एक ओळ स्वतः म्हटली आणि हात कानामागं नेला. पोरांनी ती उचलली. फेस्टात उचलतात तशीच, पण इथं आपल्या शेजारच्याचा आवाज ऐकू येत होता. मृदंग चढला. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपल्यावर बुवांना हार घालायचा असतो, तेव्हा आदर्शनं उठून तो गुलाबांचा गुच्छ त्यांच्या हातात दिला आणि न सांगता पाया पडला. मंगलाष्टकांना तर सौम्यानं पुडी सोडून अशा अक्षता उधळल्या की गुंडूअण्णांच्या टोपीवर तांदूळ साचले.

नंतर पंगती बसल्या. पोरांनीच वाढलं. शालूबाईंनी त्रिशलासाठी सूर्य असताना काढून ठेवलेलं ताट तिनं मघाशीच चुलीमागं संपवलं होतं, त्यामुळं खिरीची बादली तिच्याच हातात होती.

गुंडूअण्णा हात धुताना म्हणाले, "ज्योतिबा, आजचं मी धरत न्हाय. आज ती लग्नाला आलती. उद्या बघू."

हे खरंच होतं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी कुणाला पुडी दिली नाही. माळा काढून ठेवल्या. झाडून काढलेल्या सतरंजीवर ते पुन्हा झाडू फिरवत राहिले. साडेचार झाले. पावणेपाच झाले. गुंडूअण्णा घड्याळाकडं बघत नव्हते, पण घड्याळाच्या बाजूलाच तोंड करून बसले होते.

आधी आदर्श आला. टी-शर्ट, पायात चपला, मागं हॉस्टेलची चौदा पोरं. "आप्पा, आज साध्या कपड्यात आलोय. चालतंय न्हवं? ही काल आली न्हवती. मी सांगितलं, चला रं म्हणून."

मग सौम्या, दोन्ही हातांनी दोन मैत्रिणींना धरून. "हिला मराठी येत नाही. मी सांगते तिला मधी मधी." मग काल खीर घोटणारे चौघे, ते थेट चुलीकडं गेले. कालच्याइतकी गर्दी नव्हती. चाळीसच्या आसपास असतील. पण ह्यांतल्या एकालाही आप्पांनी बोलावलं नव्हतं.

मालुबाईंनी ध्रुवाचं आख्यान लावलं. गजर सुरू झाला तसे गुंडूअण्णा सावकाश उठले, ऑर्केस्ट्राचं ठरवायला बोलावलेल्या, दाराशी उभ्या असलेल्या मंडपवाल्याजवळ गेले आणि म्हणाले, "फुडच्या मार्गशीर्षाला ह्याच तीन तिथी धरून ठेव. आन् सतरंज्या वाढव. माणसं भितीला टेकून बसल्यात."

"ऑर्केस्ट्राला स्टेज किती फुटी लागंल अण्णा?"

"कसला ऑर्केस्ट्रा? ऐक की गप!"

आप्पा हे सगळं चुलीपाशी ऐकत होते. पदरानं कपाळ पुसत शालूबाई म्हणाल्या, "आता तरी जाऊन बसा. तीन दिस झालं, एक ओळ धड ऐकली न्हाय तुम्ही."

आप्पा आत गेले. बघतात तर सतरंजीवर तळहाताएवढीही जागा नव्हती. ते खांबाला टेकून उभे राहणार, तेवढ्यात सौम्यानं मागं वळून पाहिलं. "सरका गं, सरका! आप्पा बसू दे!" पोरी गुडघे जवळ घेऊन सरकल्या. आप्पा मांडी घालून बसले, डोळे मिटले, आणि मालुबाईंनी ओळ टाकली तशी चाळीस पोरांच्या आवाजात आपला जाडाभरडा आवाज मिसळून ती झेलली.