लाकडी मुठीचा चाकू आणि दामूचे दात

मित्रांनो, तुमच्या घरातल्या खिळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात हात घातलात, तर तळाशी माझ्यासारखा कुणीतरी सापडेल. मी एक जुना, घडीचा चाकू आहे. पातं बोटभर, मूठ सागाची आणि मुठीवर तांब्याची तार गुंडाळलेली. दिसायला मी कधीच देखणा नव्हतो. पण आयुष्य मला फार चांगलं मिळालं. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म अंबाडीच्या नाक्यावर झाला. चांगदेव लोहाराने एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून माझं पातं ठोकून काढलं. कुणाच्या तरी दाराच्या चौकटीतून उरलेला सागाचा तुकडा होता, त्याची मूठ केली. पितळेचा खिळा ठोकून दोघांची गाठ घातली आणि मला गोणपाटावर मांडून ठेवलं. शेजारी शहरातून आणलेले चकचकीत चाकू होते. कुणाची मूठ पितळेची, कुणाची लाल प्लास्टिकची, एकाचं तर बटण दाबलं की पातं टुणकन बाहेर यायचं. लोक त्यांनाच उचलून बघायचे. मी दोन महिने ऊन खात पडलो होतो.

मग १९८५ सालच्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं. बकुळा आणि दामू. बकुळाच्या माहेराहून, गणेशपुरीहून, भिवंडीला परत चालले होते आणि अंबाडीला दुसऱ्या एसटीची वाट बघत होते. दामू भिवंडीच्या लूमच्या कारखान्यांत वायरमन होता.

"अहो, आ करा बघू," बकुळा म्हणाली.

"इथे? नाक्यावर?"

"करा म्हणते ना!"

दामूने बिचाऱ्याने तोंड उघडलं. पुढच्या एका दाताचा टवका उडाला होता.

"बघा दादा," बकुळा लोहाराला म्हणाली, "हे वायर दाताने सोलतात. यांच्यासाठी चाकू द्या. रोज खिशात राहील असा."

"पक्कड आहे माझ्याकडे," दामू पुटपुटला.

"मग दात कशाला झिजवता?"

"पक्कडीने आतली तार तुटते. दाताला अंदाज असतो."

चांगदेव हसला. "ताई, चाकू म्हणशील तसा देतो. दात तेवढे मी बनवत न्हाय."

दामूने लगेच बटणवाला चाकू उचलला. बकुळाने तो काढून घेतला आणि कानाशी धरून हलवला. "खुळखुळतोय. खिशात उघडला म्हणजे? ठेवा खाली." मग तिने पितळेचा पाहिला. "हा तर करंटचा सख्खा भाऊ! वायरमनने हा वापरायचा?" प्लास्टिकची मूठ तिने नखाने दाबून पाहिली आणि परत ठेवली.

मग तिने मला उचललं. माझी घडी दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली. पदराचा एक सुटा दोरा माझ्यावर नुसता टेकवला, तो तुटला. शेवटी तिने दामूला डोळे मिटायला लावले आणि मला त्याच्या पुढ्यात ठेवलं. "डोळे न उघडता उचला. हाताला कसा वाटतो?"

दामूची बोटं माझ्या मुठीभोवती मिटली. ती बोटं मला अजून आठवतात. खरखरीत, गरम. "बरा वाटतो," तो म्हणाला. "लाकूड आहे. भरवशाचं."

"हाच द्या," बकुळा म्हणाली. "महागाचा घेतला तर हे पेटीत जपून ठेवतील आणि पुन्हा दात वापरतील. स्वस्तातला असला की खिशात राहील."

मित्रांनो, स्वस्त असल्याचं मला त्या दिवसापर्यंत वाईट वाटायचं. त्या दिवसानंतर कधी वाटलं नाही.

चांगदेवाने मला पुसून बकुळाच्या हातात न देता गोणपाटावरच ठेवलं. "उचल ताई. चाकू हातात दिला की भांडण होतंय." बकुळाने मला उचललं, दामूच्या खिशात टाकलं आणि खिशावर थाप मारली. "आता वायर तोंडात दिसली तर बघा!"

पुढचं एक वर्ष मी दामूच्या खिशात काढलं. वायर सोलली, सुतळ्या कापल्या, डबा खाताना कांदा चिरला. कारखान्यातले कारीगर मला मागून घ्यायचे. "वायरमन, जरा चक्कू देना," असं कुणी म्हटलं की माझी मूठ ताठ व्हायची.

मग बकुळाला मुलगी झाली, कमळ. दामूची आई, आक्का, नातीपाशी दिवसभर बसून असायची. आक्काला वाटे, बाळाच्या उशाशी लोखंड हवं. दामू ऐकायचा नाही. "आई, आपण हे अंधश्रद्धेचं सगळं सोडलंय ना?"

"सोडलाय रे बाबा, मी कुठं न्हाय म्हंते," आक्का म्हणायची आणि नातीची गोधडी सारखी करायची.

पण कमळ आठ दिवसांची असताना, गुरुवारी संध्याकाळी, आक्काने खुंटीवरच्या पँटच्या खिशातून मला हळूच काढलं आणि बाळाच्या गोधडीखाली सरकवलं. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं. वर इवलासा श्वास चालला होता. दुधाचा, शेकशेगडीतल्या ओव्याचा वास येत होता. राखणदार म्हणून नेमलं जाणं कुणाला आवडणार नाही?

सकाळी मात्र दामू शोधायला लागला. खिसे, पिशवी, कॉटखाली.

"काय शोधताय?" बकुळाने विचारलं.

"काही नाही. टेस्टर."

तिने एवढा पारखून घेतलेला चाकू आपण हरवला, हे त्याला तिला सांगवेना. तो तसाच कामाला गेला. मी गोधडीखालून सगळं ऐकत होतो. मित्रांनो, आम्हाला धार असते, पण तोंड नसतं.

तो शुक्रवार होता. त्या काळी आमच्या भागात शुक्रवारी दिवसभर लाईट नसायची, संध्याकाळी सहाला यायची. माग बंद, गल्ल्या शांत. कारखान्यांतली दुरुस्ती त्याच दिवशी निघायची.

दुपारी बकुळा बाळाचं दुपटं बदलत होती, तेव्हा तिच्या हाताला मी लागलो.

"आक्का, हा इथे कसा?"

आक्का सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही. "मीच ठेवला. पोरीला राखायला."

"अहो, मग हे आज काय घेऊन गेलेत?"

आक्काचा हात थांबला.

"दात," आक्का हळूच म्हणाली. मग भिंतीला धरून उठायला लागली. "दे, मी जाते."

"तुमचे गुडघे जिन्याखाली तरी जातील का? मीच जाते."

"नऊ दिवसांची बाळंतीण तू! उंबऱ्याभायेर पाय..." आक्का बोलता बोलता थांबली. तिने कमळला मांडीवर घेतलं. "जा. पण त्याला मुठीत घट्ट धर. लोखंड हाय, तुलापण राखल."

बकुळा डोक्याला फडकं बांधून निघाली. कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. ती भिंतींना धरत धरत चालत होती. तिच्या तळव्याचा घाम माझ्या लाकडात मुरत होता.

आत दामू स्टुलावर उभा होता. मान वर आणि वायरचं टोक दातांत.

"अहो!"

त्याने दचकून वायर तोंडातून काढली. "तू? या उन्हात? बाळ बरं आहे ना?"

"मेन बंद केलीय?"

"लाईटच नाही तर मेन कसली? शुक्रवार आहे. सहाशिवाय आलीय का कधी?"

"उतरा आधी खाली."

"अगं, दोन मिनिटांचं काम..."

"उतरा!"

दामूने वायर सोडली आणि कुरकुरत खाली उतरला. त्याचे पाय जमिनीला लागतात न लागतात, तोच डोक्यावरचे बल्ब पेटले. पंखा फिरायला लागला. लोंबणारं वायरचं टोक मागाच्या लोखंडाला घासलं आणि चट् करून निळी ठिणगी उडाली.

कोपऱ्यातला कारीगर धावला आणि त्याने मेनचा खटका खाली ओढला. "अल्लाने बचाया, भाभी," एवढंच तो म्हणाला.

दामू त्या वायरकडे बघत राहिला. मग त्याची जीभ आपसूक त्या टवका उडालेल्या दातावर गेली. बकुळाने मला त्याच्यापुढे धरलं.

"खाली ठेव," तो कसाबसा म्हणाला. "मी उचलतो. हातात दिलास तर भांडण होईल."

"होऊ दे भांडण," बकुळा म्हणाली, आणि मग ती रडायलाच लागली. "भांडायला माणूस तर पाहिजे!" तिने मला त्याच्या तळहातावर दाबलं आणि त्याची बोटं माझ्यावर मिटवली.

मी हजारो वायरी सोलल्या, पण माझं सगळ्यांत मोठं काम त्या दिवशी झालं. आणि त्या दिवशी मी काहीच कापलं नव्हतं.

तेव्हापासून दामूच्या खिशात मी एकटा नसे. काम संपेपर्यंत त्या त्या कारखान्याचा काढून घेतलेला फ्यूजही माझ्या शेजारी असे. कमळच्या उशाशी आक्काने मुकाट्याने आपला अडकित्ता ठेवला.

वर्षं गेली. कमळ शाळेत जाऊ लागली, तिच्या पेन्सिलींना मी टोक काढलं. मूठ चिरली, तेव्हा दामूने तिला तांब्याची तार गुंडाळली; आता फ्यूज खिशात असल्याने करंटची भीती नव्हती. पुढे त्र्याण्णव साली वायर सोलायचं नवं हत्यार आलं आणि मी डब्यात गेलो. दोन पावसाळे कुणी मला उघडलं नाही. पात्यावर गंज चढला, घडी आखडली. मला वाटलं, आपलं संपलं. पण एका दिवाळीला बकुळाने डबा उपडा केला. तिने मला रॉकेलने घासलं, सांध्यात खोबरेल तेल सोडलं आणि पदराने पुसताना हळूच म्हणाली, "तुला कशी विसरले रे मी?" एवढं पुरे असतं आम्हाला.

म्हणून सांगतो मित्रांनो, हत्यार स्वस्तातलं असलं तरी पारखून घ्या, आणि घेतलंत की जवळ बाळगा. काम झालं की पुसा, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. आणि लाईट नसली तरी फ्यूज काढल्याशिवाय वायरला हात लावू नका.

आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. रोज सकाळी बकुळा आणि दामू भांडतात. कधी चहात साखर जास्त पडली म्हणून, कधी चष्मा सापडत नाही म्हणून. कमळ कानांवर हात ठेवते. मी मात्र घडी मिटून ऐकत पडतो. हातात दिलेल्या चाकूने भांडण होतं असं चांगदेव म्हणाला होता, ते खरंच झालं म्हणायचं. ते असंच पुष्कळ वर्षं चालू राहो.