मधमाश्यांनी घडवलेले भाऊजी

कलादालनाचा जिना माणसांनी भरून गेला होता. आत काचेच्या पेटीत मधमाश्यांनी कुणाच्या तरी दिवंगत आजीचा चेहरा घडवला होता, हनुवटीवरच्या खळीसकट. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष उगीच घसा खाकरत होते.

"मी काहीच करत नाही," शिल्पकार हळू आवाजात सांगत होता. "मी फक्त पेटी उघडतो. गेलेल्या माणसाच्या कपड्यातून माश्यांना वास कळतो आणि वासातून आत्मा. फोटो मागतो, तो आपला माझ्या समाधानासाठी."

फोटोशिवाय त्याचं समाधान एकदाही झालं नव्हतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी दातांचा डॉक्टर, तिथे माझं काही काम नव्हतं. पण माझी ताई तिथे रोज जायला लागली होती. भाऊजी गेल्यावर तिनं माश्यांकडून त्यांचा चेहरा करवून घेतला होता. त्या पोळ्यातून पाझरलेला मध शिल्पकार तिला चमच्यानं चाटवायचा. ताईला मधुमेह. तिनं इन्सुलिन बंद केलं होतं.

"अगं, मध म्हणजे साखरच!"

"हा तसला मध नाही. सर म्हणतात, यानं साखर चढत नाही, दुःख उतरतं."

दुःखाचं ठाऊक नाही. साखर चढली होती आणि पायाची जखम चिघळत चालली होती. मी आवाज चढवला, तर ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. ते पुन्हा माझ्याशी बोलायला लागलेत रे."



मी तिच्या कपाटातून भाऊजींचा एक सदरा उचलला. फोटो घेतला माझ्या सासरेबुवांचा. सासरेबुवा हयात आहेत. इतके, की फोन करून माझ्या चुका मला सांगत असतात. दोन्ही वस्तू शिल्पकाराच्या हातात देऊन म्हणालो, "माझे काका गेले."

त्यानं सदरा हुंगला, डोळे मिटले. "फार शांत जीव होता."

सदऱ्याचे मालक तापट होते आणि फोटोतले गृहस्थही. मी मान डोलावली.

चेहरा तयार झाल्याचा निरोप आला, तसा मी ताईला आणि सासरेबुवांना घेऊन गेलो. माश्यांना धूर देऊन बाजूला केलं होतं. शिल्पकारानं पडदा सरकवला. मेणाचे सासरेबुवा आमच्याकडे रागानं बघत होते.

"हा आत्मा आता मुक्त झाला," शिल्पकार म्हणाला.

सासरेबुवा पुढे सरसावले. "कुणाचा? जावईबापू, मी गेलो कधी?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. ताई हसली नाही. तिनं पेटीखालचा सदरा उचलला आणि कॉलर उलटून पाहिली.

"ही शिवण माझ्या हातची. सदरा ह्यांचा आहे," ती शिल्पकाराला म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "माश्या वासावरून घडवतात ना? मग हा चेहरा माझ्या भावाच्या सासऱ्यांचा कसा?"

"कधी कधी वास मिसळतात, ताई."

"ह्यांचा सदरा त्यांनी कधी अंगाला लावलेला नाही."

मी खिशातून दात तपासायची सळई काढली आणि मेणाचं नाक खरवडलं. आत बारीक तारेची जाळी होती. "फोटो बघून जाळीला चेहऱ्याचा आकार द्यायचा आणि वर मेण फासायचं," मी लोकांना सांगितलं. "मेण फासलेल्या जागी माश्या पोळं बांधू लागतात. आम्हीही कवळीसाठी आधी मेणच घडवतो. पण कवळीत आत्मा आहे, असं म्हणायचं अजून कुणाला सुचलेलं नाही."

ताईनं सळई मागून घेतली आणि शेजारच्या पेटीतल्या भाऊजींच्या चेहऱ्यापाशी गेली. मग कानाजवळ जरासं खरवडलं. तिथेही तारच होती. ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली. भाऊजी गेल्यापासून तशी रडली नव्हती. घरी आल्यावर म्हणाली, "इंजेक्शन दे."

पायाचं एक बोट गेलं. पाय वाचला.

मधमाश्यांनी कुणाला फसवलं नाही. त्यांनी मेण पाहिलं आणि पोळं बांधलं. पोळ्याचं एकेक घर पाहिलं तरी माणूस थक्क होईल, त्यासाठी आत्मा लागत नाही. आपलं माणूस गेल्याचं दुःख खरं असतं, म्हणूनच त्यावर खोटा इलाज विकणाऱ्याला जाब विचारायचा. औषध चालू ठेवायचं आणि प्रश्न विचारायचा. विचारताना आवाज कापला, तरी चालतं.