दुनालीची हरवलेली फाइल

घाबरू नका मित्रांनो, माझ्या दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत. मी एक जुनी बारा बोअरची दुनाली बंदूक आहे. सध्या रायपूरच्या एका ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा केलेल्या वस्तूंच्या खोलीत, भिंतीला टेकून उभी आहे. इथे मी दुसऱ्यांदा आले. पहिल्या खेपेची आठवण झाली की अजूनही माझा संताप होतो.

माझा अक्रोडाचा दस्ता कारागिराने हाताने घासून गुळगुळीत केला होता. फौजेतून निवृत्त झालेल्या मारोतराव बावणेंनी मला परवान्यावर घेतलं. ते मूळचे भंडाऱ्याचे, राहायला रायपूरच्या ब्राह्मणपारा वस्तीत. समता कॉलनीतल्या एका बँकेच्या दारात ते पहारेकरी होते आणि तिथे बंदूक स्वतःची लागायची. तेरा वर्षं आम्ही दोघं त्या दारात उभे राहिलो. मी एकदाही कोणावर रोखली गेले नाही, याचा मला अभिमान आहे. दर रविवारी मारोतराव माझ्या नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवायचे आणि मनातलं सगळं बोलायचे.

बँकेत यशवंतराव नावाचे निवृत्त रेल्वे अधिकारी येत. त्यांना नेमबाजीचा शौक. परवानाधारकांच्या एका राष्ट्रीय संघटनेचे ते जुने सभासद होते. "मारोतराव, सभासद होऊन जा," ते सांगत. "एकट्याचं कोणी ऐकत नाही."

"मले काहून पाहिजे कार्ड? माझे कागद पक्के आहेत. अन् दिल्लीवाले का माझ्यासाठी इथं येऊन राहिले?" मारोतराव हसत.

मलाही तेव्हा ते पटलं होतं. आम्ही दोघंही चुकलो.

मग छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. कचेऱ्या हलल्या, कपाटं हलली, कागदांचे गठ्ठे इकडचे तिकडे झाले. मारोतरावांनी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत दिला, पावती घेतली. तेवढ्यात निवडणूक आली आणि नियमाप्रमाणे बंदुका ठाण्यात जमा झाल्या. निवडणूक संपली, शेजारच्या बंदुका एकेक करून घरी गेल्या. मी राहिले, कारण माझ्या परवान्याची फाइलच सापडत नव्हती.

मारोतराव दर सोमवारी कचेरीत जात.

"फाइल आएगी तो हो जाएगा, चाचा," बाबू मान वर न करता म्हणे.

"पण कवा येईल?"

"हमको क्या मालूम? नया राज्य है, टाइम लगता है।"

तिथून ते ठाण्यात येत. "भैया, निदान तेल तरी लावू द्या," ते हवालदाराला म्हणत.

"बिना कागज के हाथ नहीं लगाने देंगे।"

मग ते दारातूनच मला बघून परत जात. माझ्या नळ्यांच्या आत गंज चढत होता आणि मला ओरडताही येत नव्हतं. पोटात तेलाचा एक थेंब नाही, तेरा वर्षांच्या इमानदारीची कोणाला किंमत नाही! तिकडे बँकेने मारोतरावांना दोन महिने काठी घेऊन उभं केलं. मग एका एजन्सीचा बंदूकवाला आणून त्यांना घरी पाठवलं.

शेवटी अकराव्या महिन्यात ते यशवंतरावांकडे गेले आणि सभासद झाले. हे मला नंतर कळलं. कार्ड आलं. पुढचा महिना कोरडाच गेला. "झालं तुमचं कार्ड?" मारोतरावांच्या पत्नी अंजनाबाई चिडून म्हणाल्या. "ठेवा आता देवापाशी!"

त्यानंतर संघटनेच्या वकिलाचं पत्र कचेरीत आलं. त्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. प्रश्न एकच होता: ही फाइल शेवटी कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेला, कुठे पाठवली? मारोतराव वर्षभर फक्त 'माझी फाइल कुठे आहे' विचारत होते. आता बाबूला जावक वही उघडावी लागली. फाइल चुकून शेजारच्या अभनपूर तहसिलीच्या गठ्ठ्यात बांधली गेली होती. तीन दिवसांत ती टेबलावर आली.

चौदा महिन्यांनी मी घरी गेले. पण बंदूक दुरुस्त करणाऱ्याने माझ्या नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या आणि मान हलवली. "भीतर से सड़ गई है, दादा। चलाओगे तो फट जाएगी।"

मारोतराव घरी येऊन माझ्या नळ्यांत बोळा फिरवत राहिले. "बाबा, अब रहने दो ना," त्यांची मुलगी मीनल म्हणाली, तरी फिरवत राहिले.

गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच मला इथे जमा केलं. हवालदाराने परवाना रद्द करण्याचा अर्ज घेतला आणि त्यांच्या खिशातल्या संघटनेच्या कार्डाकडे बघून तो हसला. "बंदूक ही नहीं रही, चाचा। अब मेंबर किस बात के?"

मारोतरावांनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथे बाकावर, माझ्यासारख्याच बंदुका ठाण्यात अडकलेले सहा पहारेकरी हातात नूतनीकरणाच्या पावत्या घेऊन बसले होते. "माझी गेली," ते म्हणाले. "त्यांच्या नाही जाऊ देणार. पहिले त्यांचे अर्ज घ्या."

मित्रांनो, तुमच्या ताब्यात दुसऱ्याची वस्तू आली, तर तिची आबाळ करू नका. आणि एकट्याने दार ठोठावून थकण्याची वाट पाहू नका. सोबतीला माणसं वेळेवर जोडा. आम्हाला अकरा महिने उशीर झाला.